छोट्या गावातून अभिनयाकडे: भूमिका कोणाला आणि कशी मिळते

दैनंदिन मालिकेच्या कथेत एक नवे पात्र येणार आहे असे समजू. नायिकेच्या माहेरचा काका, वय पन्नाशीच्या आसपास, स्वभावाने तापट, काम चार-पाच दिवसांचे. कथेचा हा भाग लेखक, निर्मिती संस्था आणि वाहिनी यांच्यात ठरतो तो बहुतेक वेळा चित्रीकरणाच्या अगदी तोंडावर. कलाकार निवडणाऱ्या माणसाकडे, म्हणजे कास्टिंग डायरेक्टरकडे, पात्राचे दोन-तीन ओळींचे वर्णन येते. तो आधी स्वतःला आठवणारी नावे काढतो, मग ओळखीच्या दिग्दर्शकांना आणि नटांना विचारतो आणि तेवढ्याने भागले नाही तर व्हॉट्सॲपच्या गटांवर निरोप टाकतो. संध्याकाळपर्यंत लोकांनी फोनवर चित्रित करून पाठवलेले संवाद त्याच्याकडे जमा होतात, त्यातले मोजके पुढे वाहिनीकडे जातात, एका नावावर शिक्कामोर्तब होते आणि त्या नटाला परवा सकाळी सातचा कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर होण्याची वेळ, कळवला जातो.

अभिनयाचे स्वप्न पाहणाऱ्या गावाकडच्या मुलामुलींच्या मनातल्या चित्रात ही घाई सहसा नसते. कुठेतरी एखादी मोठी परीक्षा होत असावी, तिथे आपली कला दाखवायची संधी मिळावी आणि मग गुणवत्तेप्रमाणे निवड व्हावी, अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात छोट्या भूमिकेसाठी निवड करणारा माणूस वेगळ्याच गोष्टी तपासत असतो. हा नट त्या काकासारखा दिसतो का, त्याची भाषा त्या घरात शोभेल का, परवा सकाळी तो गोरेगावात किंवा ठाण्यात हजर राहू शकेल का आणि दिवसभरात ठरलेली दृश्ये पूर्ण करताना तो सेटवर अडखळणार तर नाही ना, हे त्याचे प्रश्न असतात. यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ऑडिशनच्या दोन मिनिटांत मिळत नाही. त्या नटाचे काम पूर्वी कोणीतरी पाहिलेले असावे लागते.

गावात राहणाऱ्या नटाची अडचण इथे नीट समजते. त्याच्यापर्यंत कामाची बातमी पोहोचत नाही, चित्रीकरणाच्या जागेपासून तो दूर असतो आणि त्याच्याविषयी कोणाला भरवसा नसतो. बातमीचा प्रश्न फोनमुळे बराचसा सुटला आहे. अंतराचा प्रश्न मुंबईत किंवा पुण्यात राहायला गेल्याशिवाय सहसा सुटत नाही. भरवसा मात्र आपल्या जिल्ह्यात राहूनच सर्वांत चांगला कमावता येतो आणि मुंबईला निघण्याच्या घाईत नेमकी त्याच्याकडेच पाठ फिरवली जाते. हे दुर्लक्ष फार महागात पडते असे माझे ठाम मत आहे आणि पुढचे सगळे विवेचन त्याच मताच्या आधाराने केले आहे.

आधी जिल्ह्यातली रंगभूमी

महाराष्ट्रात राहणाऱ्या नटाला जी सोय आहे ती देशातल्या फार थोड्या प्रांतांत आहे. राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी मराठी नाट्य स्पर्धा साठ वर्षांहून अधिक काळ चालू आहे. तिची प्राथमिक फेरी राज्यभरातल्या अनेक केंद्रांवर होते, त्यामुळे जळगाव, नांदेड, सोलापूर, रत्नागिरी, चंद्रपूर अशा भागांतल्या संस्थांना आपले पूर्ण लांबीचे नाटक घराजवळच्या केंद्रावर सादर करता येते. प्रत्येक केंद्रावर परीक्षक असतात, अभिनयासाठी पारितोषिके असतात आणि निवडलेली नाटके अंतिम फेरीत जातात. स्पर्धेत पारितोषिक मिळणे चांगलेच. परंतु दोन-अडीच महिने रोज संध्याकाळी तालमीला जाणे, दोन तासांची भूमिका पाठ करून ती शेवटपर्यंत सांभाळणे आणि समोरचा नट संवाद विसरला तर प्रसंग सावरून नेणे, हे जे शिक्षण त्यात मिळते ते कोणत्याही पंधरा दिवसांच्या शिबिरात मिळत नाही.

महाविद्यालयात शिकत असलेल्यांसाठी एकांकिका स्पर्धांचे जग याहून वेगवान आहे. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून होत आहे आणि नंतरच्या काळात तिच्या फेऱ्या पुण्याबाहेरच्या केंद्रांवरही होऊ लागल्या. वर्षभरातल्या निरनिराळ्या स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिकांमध्ये चुरस व्हावी म्हणून चतुरंग प्रतिष्ठानने सवाई एकांकिका स्पर्धा सुरू केली. तिची अंतिम फेरी २५ जानेवारीच्या रात्री मुंबईत सुरू होते आणि प्रजासत्ताकदिनाची पहाट होईपर्यंत प्रेक्षक जागेवरून हलत नाहीत. त्या प्रेक्षकांत नाट्यनिर्माते, मालिकांचे लेखक, दिग्दर्शक असे अनेक जण बसलेले असतात. एखाद्या अनोळखी गावच्या मुलीने त्या रात्री चाळीस मिनिटे रंगमंच ताब्यात ठेवला, तर तिच्याविषयी जो भरवसा तयार होतो तो शंभर छायाचित्रे पाठवून होणार नाही.

या वाटेने गेलेल्यांची उदाहरणे आहेत आणि ती वेगवेगळ्या प्रकारची आहेत. लेखक प्रशांत दळवी, दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी, अभिनेत्री प्रतीक्षा लोणकर यांच्या ‘जिगीषा’ या संस्थेची सुरुवात तेव्हाच्या औरंगाबादेत झाली आणि तिथे काही वर्षे नाटके केल्यानंतर ही मंडळी मुंबईला आली. एकेकट्याने नशीब अजमावण्याऐवजी लेखक, दिग्दर्शक आणि नट असा आपला संच सोबत नेणे ही या वाटेतली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट आहे, कारण बाहेरचे काम मिळेपर्यंत असा संच स्वतःचे काम स्वतः उभे करू शकतो. सदाशिव अमरापूरकर अहमदनगरच्या रंगभूमीवर घडले आणि १९८३ च्या ‘अर्धसत्य’ या हिंदी चित्रपटाने त्यांना देशभर ओळख मिळाली. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले सयाजी शिंदे पाटबंधारे खात्यात रखवालदाराची नोकरी करत असताना नाटकाकडे वळले.

स्पर्धेतले काम वाया जाऊ नये म्हणून थोडी शिस्त पाळावी लागते. प्रत्येक प्रयोगाचे, निदान एका चांगल्या प्रयोगाचे, तिकाटण्यावरच्या स्थिर कॅमेऱ्याने पूर्ण चित्रीकरण करून ठेवावे. नाटकाचे नाव, भूमिका, दिग्दर्शक, केंद्र, वर्ष आणि पारितोषिक यांची एका पानाची नोंद अद्ययावत ठेवावी. निकालानंतर परीक्षकांना भेटून काम मागू नये. भूमिकेत काय कमी पडले ते विचारावे आणि ऐकून घ्यावे. चांगला परीक्षक अशा नटाचे नाव लक्षात ठेवतो. नटाने प्रकाशयोजना, ध्वनी, रंगभूषा यांपैकी एखादे काम तरी हाताला लावून घ्यावे असेही मला वाटते. पुढे मुंबईत भूमिका नसलेल्या महिन्यांत हेच काम पोटाला आधार देते आणि नाट्यगृहाशी असलेला संबंध तुटू देत नाही.

सगळ्यांनाच मुंबईला जायचे असते असेही नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत झाडीपट्टी रंगभूमी आहे आणि ती शासकीय अनुदानावर किंवा स्पर्धेच्या बक्षिसावर उभी नाही, तर तिकीट काढून येणाऱ्या गावकऱ्यांवर उभी आहे. देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे तिचे मुख्य ठाणे. दिवाळीनंतर धान घरात आले की गावोगावच्या मंडई (म्हणजे जत्रा) आणि शंकरपटांच्या (म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या) निमित्ताने नाटके ठरू लागतात आणि हा हंगाम साधारण होळीच्या आगेमागे संपतो. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते, त्यात गाणी असतात, विनोदी पात्र असते आणि कलाकाराला प्रयोगामागे मानधन मिळते. एका हंगामात नट जितक्या रात्री हजारोंच्या जमावापुढे उभा राहतो तितक्या रात्री मुंबईतल्या अनेक नटांना काही वर्षांतही मिळत नाहीत. या रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. कोकणातल्या दशावतारी मंडळांचे अर्थकारण वेगळे असले तरी तिथेही लिखित संहितेशिवाय रात्रभर आख्यान उभे करण्याची जी तयारी नटाकडे असते, ती प्रशिक्षण संस्थेत शिकून आलेल्यालाही हेवा वाटावा अशी असते. अशा प्रांतात जन्मलेल्या मुलाने घराजवळची ही शाळा न पाहताच रेल्वेत बसणे मला फार खेदाचे वाटते.

शिक्षण कुठे घ्यावे

दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ मध्ये स्थापन झाले. तिथला पूर्णवेळ अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, देशभरातून तीसच्या आसपास विद्यार्थी घेतले जातात, त्यांना शिष्यवृत्ती मिळते आणि प्रवेशासाठी आधी प्राथमिक चाचणी व त्यानंतर काही दिवसांची कार्यशाळा असते. पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया १९६० पासून प्रभात स्टुडिओच्या जागेत आहे आणि कॅमेऱ्यासमोरच्या अभिनयाचा तिचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. या दोन्ही ठिकाणी पदवी लागते आणि नाट्य विद्यालयात त्यासोबत नाटकांत काम केल्याचा अनुभवही पाहिला जातो. बारावीनंतर शिक्षण सोडून मुंबई गाठणाऱ्या मुलाने हे दोन्ही दरवाजे स्वतःच लावून घेतलेले असतात आणि बऱ्याचदा ही गोष्ट त्याला कोणी वेळेवर सांगितलेली नसते.

महाराष्ट्रातच शिकायचे असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग अशी विद्यापीठीय ठिकाणे आहेत. त्यांचे शुल्क बहुतेक खासगी अकादम्यांच्या तुलनेत पुष्कळ कमी असते आणि हातात विद्यापीठाची पदवी येते. खासगी अकादमीत पैसे भरण्यापूर्वी शिकवणारे कोण आहेत, ते प्रत्यक्ष किती तास शिकवतात आणि अभ्यासक्रमात पूर्ण नाटक बसवले जाते का, एवढे तरी विचारावे. काम मिळवून देण्याची हमी जी संस्था देते तिच्यापासून लांब राहावे, कारण भूमिका देणे तिच्या हातात नसते.

प्रवेश मिळाला नाही म्हणजे वाट संपली असे मुळीच नाही. बिहारच्या पश्चिम चंपारणमधल्या बेलवा गावचे मनोज बाजपेयी यांना राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने एकाहून अधिक वेळा नाकारले; ते दिल्लीत नाट्यदिग्दर्शक बॅरी जॉन यांच्याकडे आणि नाटकांत काम करत शिकले. उलट प्रवेश मिळाला म्हणजे सगळे जुळले असेही नाही. उत्तर प्रदेशातल्या बुढाना गावचे नवाजुद्दीन सिद्दीकी १९९६ मध्ये त्याच विद्यालयातून बाहेर पडले आणि सर्वसामान्य प्रेक्षक त्यांना नावाने ओळखू लागला तो २०१२ च्या सुमारास. मधली जवळपास सोळा वर्षे बहुतांशी मिनिटाभराच्या भूमिकांत गेली. प्रशिक्षण घेतलेल्या, असामान्य ताकदीच्या नटाला इतका काळ लागू शकतो, हे घरच्यांशी बोलताना लपवू नये.

भाषा आणि चेहरा

आपली बोली ही अडचण आहे असे गावाकडच्या अनेक मुलांना वाटते आणि मग ती पुसून टाकण्याच्या नादात त्यांची वाचा कृत्रिम होते. बोली जपावी, तिच्या शेजारी प्रमाण मराठी कमवावी आणि तिसरी म्हणून हिंदी पक्की करावी. मच्छिंद्र कांबळी यांनी मालवणीला व्यावसायिक रंगभूमीवर जे स्थान मिळवून दिले ते सर्वश्रुत आहे. नागराज मंजुळे यांच्या २०१६ च्या ‘सैराट’मधली रिंकू राजगुरू अकलूजची शाळकरी मुलगी होती. सातारा आणि कोल्हापूर परिसरात चित्रित झालेल्या मालिकांमुळे त्या भागातल्या नाट्यसंस्थांच्या नटांना घराजवळ काम मिळाले. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा मराठवाडी बोली अस्सल बोलणारा आणि तरीही प्रमाण भाषेतले लांब वाक्य श्वास न तुटता म्हणणारा नट हवाच असतो आणि तो सहजासहजी सापडत नाही.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दिग्दर्शक गावोगाव फिरून नवा चेहरा शोधतो तेव्हा त्याला त्या एका कथेसाठी तो चेहरा हवा असतो. अशी निवड होणे हा भाग्याचा भाग आहे आणि तिच्यावर भिस्त ठेवून बसता येत नाही. पहिल्या चित्रपटाने नाव झाल्यावरही पुढची भूमिका वेगळ्या वयाची, वेगळ्या वर्गातली, वेगळ्या भाषेतली असू शकते आणि ती करण्याची तयारी मग नव्याने करावी लागते.

फोनवरची ऑडिशन

आता पहिली चाळणी बहुतेक वेळा नटाने स्वतः चित्रित करून पाठवलेल्या व्हिडिओनेच होते आणि गावात बसून मुंबईतल्या माणसापर्यंत पोहोचण्याचे हेच सर्वांत स्वस्त साधन आहे. वेगळी सूचना नसेल तर फोन आडवा धरावा, तो डोळ्यांच्या उंचीवर स्थिर ठेवावा आणि खिडकीचा उजेड समोरून चेहऱ्यावर येईल असे उभे राहावे. मागे साधी भिंत असावी. पंखा बंद करावा, कारण कानाला न जाणवणारी त्याची घरघर ध्वनिमुद्रणात संवादावर बसते. सुरुवातीला नाव, वय, उंची, सध्याचे गाव आणि येणाऱ्या भाषा सांगाव्यात, चेहरा दोन्ही बाजूंनी दाखवावा आणि कामासाठी कधी मोकळे आहोत ते स्पष्ट करावे. सौंदर्य वाढवणारे फिल्टर वापरू नयेत; सेटवर वेगळाच माणूस उतरला तर पुन्हा बोलावणे येत नाही. समोरच्या पात्राचे संवाद म्हणणारी व्यक्ती कॅमेऱ्याला लागून उभी असावी, तिचा आवाज खालचा असावा आणि नटाची नजर कॅमेऱ्याच्या भिंगात न जाता किंचित बाजूला असावी.

खरी कसोटी यानंतर सुरू होते. समजा, संहितेत एवढेच वाक्य आहे: ‘दादा, आबा आलेत बाहेर.’ नवखा नट या वाक्याला भावना चिकटवू पाहतो आणि भुवया उंचावून, आवाज थरथरवून ते म्हणतो. अनुभवी नट आधी ठरवतो की आबा हा कर्जाचे पैसे परत मागायला आलेला सावकार आहे, की दहा वर्षांनी दारात उभा राहिलेला बाप, की रोज चहाला येणारा शेजारी. सावकार असेल तर बोलणाऱ्याला दारातला माणूस ऐकेल याची भीती असते, म्हणून आवाज आपोआप खाली जातो. बाप असेल तर ‘आबा’ या शब्दाआधी क्षणभर थांबावे लागते, कारण तो शब्द त्या घरात कित्येक वर्षे उच्चारलेलाच नसतो. शेजारी असेल तर हातातले काम न थांबवता वाक्य निघून जाते. संहितेत ही माहिती नसली तरी नटाने ती ठरवलेली असली की चेहऱ्याला वेगळे काही करावे लागत नाही आणि निवडणाऱ्याला पहिल्या काही सेकंदांतच हा फरक दिसतो. नाटकातून आलेल्या नटाने एवढे लक्षात ठेवावे की शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी कमावलेला आवाज आणि हातवारे इथे आवरावे लागतात. माइक छातीवर असतो आणि कॅमेऱ्याला पापणीची हालचालही मोठी दिसते.

पैशाचे गणित

मालिकेत कामाचे पैसे दिवसावर ठरतात आणि ते साधारण ९० दिवसांनी मिळण्याची रीत आहे. जानेवारीत चार दिवस काम केलेल्या नटाने त्या पैशांवर फेब्रुवारीचे भाडे अवलंबून ठेवले तर तो अडचणीत येणारच, कारण ती रक्कम हाती यायला एप्रिल किंवा मे उजाडतो. शिवाय कथेतला तो धागा वाहिनीला रुचला नाही तर ठरलेले पुढचे दिवस रद्दही होतात. मानधनातून बहुधा १० टक्के कर कापून घेतला जातो. एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो, पण कित्येक नवे कलाकार विवरणपत्र भरतच नाहीत आणि हक्काचे पैसे सोडून देतात. व्यावसायिक नाटकात प्रयोगामागे मिळणाऱ्या मानधनाला ‘नाईट’ म्हणतात. ते बहुतेक वेळा लवकर हाती येते, परंतु महिन्यात प्रयोग किती लागतील हे पाऊस, परीक्षा आणि नाट्यगृहांच्या तारखा ठरवतात.

म्हणून मुंबईला जाताना निदान सहा महिन्यांचा खर्च वेगळा काढलेला असावा आणि वेळ आपल्या हातात राहील असे एखादे दुसरे काम असावे. शिकवण्या, भाषांतर, डबिंग, ध्वनिमुद्रित पुस्तकांचे वाचन, नाट्यगृहातले तांत्रिक काम, यांपैकी काहीही चालेल. ज्याला या महिन्याच्या जेवणाची चिंता आहे त्याला वाईट काम नाकारता येत नाही आणि फसवणूक करणारी माणसे नेमकी अशाच माणसाला हेरतात.

या फसवणुकीचा साचा जवळजवळ ठरलेला असतो. मोठ्या वाहिनीचे किंवा निर्मात्याचे नाव सांगून निरोप येतो, व्हिडिओ न पाहताच ‘तुमची निवड झाली’ असे कळवले जाते आणि मग नोंदणी, कलाकार कार्ड, पोशाख, पोर्टफोलिओ किंवा करारपत्र अशा कोणत्या तरी कारणाने पैसे मागितले जातात. हे लक्षात ठेवायला एकच नियम पुरेसा आहे: काम देणारा पैसे देतो, घेत नाही. पहिल्या ऑडिशनसाठी कोणत्याही संघटनेचे कार्ड लागत नाही. सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशनसारख्या संघटनेचे सदस्यत्व उपयोगाचे आहे, पण ते थेट संघटनेकडूनच घ्यावे. पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे, कारण सुरुवातीच्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

मुलींना आणि अनेकदा मुलांनाही याहून गंभीर धोक्याला तोंड द्यावे लागते. खरी ऑडिशन कार्यालयात, स्टुडिओत किंवा फोनवर दिवसा होते. हॉटेलच्या खोलीत रात्री होत नाही. भूमिकेसाठी कपडे उतरवलेली छायाचित्रे मागितली गेली की संवाद तिथेच थांबवावा आणि निरोप पुसून न टाकता जपून ठेवावेत. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा चित्रीकरणाच्या जागेलाही लागू होतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि ती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. बालकलाकारांच्या पालकांनाही आपले हक्क माहीत असावेत: मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते आणि उत्पन्नातला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जमा करावा लागतो.

मुंबईला कधी जावे

वयाचा आकडा सांगून या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही, परंतु काही खुणा सांगता येतात. जिल्ह्याबाहेरच्या निदान दोन-तीन दिग्दर्शकांनी आपल्याला स्वतःहून बोलावले आहे, दाखवण्यासारखे चित्रीकरण हातात आहे, पदवी पूर्ण झाली आहे आणि खर्चाची तरतूद आहे, अशी स्थिती आली की निघावे. यातले काहीच नसताना निघालेला मुलगा वर्सोव्याच्या आरामनगरातल्या कास्टिंग कार्यालयांच्या दारात नाव लिहून परत येतो, कारण तिथे रोज त्याच्यासारखेच कित्येक जण नाव लिहून गेलेले असतात. मुंबईत पोहोचल्यावरही पहिले पाऊल एखाद्या नाट्यसंस्थेकडे टाकावे. प्रायोगिक नाटकात पैसे जेमतेम मिळतात, पण तालमीच्या जागी लेखक, दिग्दर्शक, नट रोज भेटतात आणि कोणत्या मालिकेत कोणते पात्र येणार आहे ही बातमी व्हॉट्सॲपच्या गटावर येण्याआधी तिथे पोहोचते.

व्यावसायिक नाटकात शिरण्याची एक वाट तर बाहेरच्यांना क्वचितच ठाऊक असते. चालू नाटकातल्या एखाद्या कलाकाराला मालिका मिळते, आजारपण येते किंवा तारखा जुळत नाहीत आणि त्याच्या जागी दुसरा नट उभा करावा लागतो. याला रिप्लेसमेंट म्हणतात. जाहिराती गेलेल्या असतात, नाशिक किंवा कोल्हापूरच्या दौऱ्याची तिकिटे विकली गेलेली असतात आणि तालमीला उणेपुरे तीन-चार दिवस मिळतात. नव्या नटाला दुसऱ्याने बसवलेली भूमिका, त्याच्या जागा, त्याचे हशे, त्याच्या एन्ट्रीचा नेमका क्षण हे सगळे उचलून पहिल्याच प्रयोगात उभे राहायचे असते. अशा वेळी दिग्दर्शक ऑडिशन ठेवत बसत नाही. तो नेपथ्य लावणाऱ्या, संगीत सांभाळणाऱ्या, प्रयोगाला विंगेत बसून संपूर्ण नाटक पाठ झालेल्या त्या मुलाकडे वळतो, ज्याने मागे सांगलीच्या केंद्रावर तापाने फणफणत असतानाही प्रयोग तडीस नेल्याचे त्याने परीक्षकाच्या खुर्चीतून पाहिलेले असते.